पिट्सबर्गला नवीन आलात? आधी हरणाऱ्या टीमकडे जा

दर ऑगस्टमध्ये आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्याने आलेलं कुणी ना कुणी विचारतंच, "स्टीलर्सची तिकिटं कुठे मिळतील? जरा स्वस्तात?" मग तीन-चार जण रीसेलच्या वेबसाइट सुचवतात, एखादे काका "घरी टीव्हीवर बघा, डिसेंबरात गोठाल" असा सल्ला देतात, आणि मी माझं ठरलेलं उत्तर टाकते: स्टीलर्सच्या अमेरिकन फुटबॉलआधी पायरेट्सच्या बेसबॉल मॅचला जा. त्यावर हसणाऱ्या इमोजींची रांग लागते. पायरेट्स हरतात हे या गावात पाय ठेवल्यावर तासाभरात कळतं. ग्रुपवर लांबलचक लिहिलं की लोक म्यूट करतात, म्हणून माझं म्हणणं इथे मांडते.

पिट्सबर्ग तसं लहान गाव. 2020 च्या जनगणनेत शहराची वस्ती तीन लाखांच्या जरा वर, उपनगरं धरली तर तेवीस लाखांच्या पुढे. एवढ्याशा गावात फुटबॉलचे स्टीलर्स, बेसबॉलचे पायरेट्स, आइस हॉकीचे पेंग्विन्स आणि शिवाय पिट विद्यापीठाच्या टीम्स. तिन्ही व्यावसायिक टीम्सचा रंग एकच, काळा आणि सोनेरी. तो शहराच्या झेंड्याचा रंग, आणि झेंड्यावर तो आला ज्यांच्या नावावरून गावाचं नाव पडलं त्या विल्यम पिट यांच्या घराण्याच्या चिन्हावरून. याचा व्यवहारी फायदा असा की एक स्वेटर घेतला की वर्षभराचं काम भागतं. पिटचा मात्र निळा-सोनेरी. तो वेगळा घ्यावा लागतो.

मोठ्या शहरात मॅच बघणं हा एक प्रकल्प असतो. न्यू जर्सीतल्या माझ्या नणंदेला एका मॅचसाठी अख्खा शनिवार लागतो आणि घरी येईपर्यंत सगळे एकमेकांवर चिडलेले असतात. इथे ऑफिस सुटल्यावर जाता येतं. बेसबॉलचं स्टेडियम डाउनटाउनच्या समोर, ॲलेगेनी नदीच्या पलीकडे. मॅचच्या दिवशी मधला रॉबर्टो क्लेमेंटे पूल गाड्यांना बंद करतात आणि माणसं पिवळ्याधमक पुलाच्या मधोमध चालत जातात. चालायचं नसेल तर नदीखालच्या बोगद्यातून जाणारी 'टी' ही लोकल रेल्वे डाउनटाउनपासून नॉर्थ शोरपर्यंत, म्हणजे स्टेडियमच्या काठापर्यंत, फुकट आहे. त्यात बेसबॉल-टीमच्या घरच्या मॅचेस एका मोसमात 81. फुटबॉलच्या आठ-नऊ. एवढं गणित केलं तरी कळतं की तिकीट कुठे सहज मिळणार. मंगळवारच्या संध्याकाळी वरच्या मजल्यावर दहा-पंधरा डॉलरांत बसायला मिळतं, आणि मैदानामागे नदी, पूल आणि डाउनटाउनच्या इमारती असा देखावा दिसतो. महागड्या खालच्या सीटवरून तो एवढा दिसत नाही, हे मी स्वतः दोन्हीकडे बसून सांगते.

माझे सासरे बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झाले. उन्हाळ्यात आमच्याकडे आले की दुपारी चारनंतर काय करायचं हा त्यांचा रोजचा प्रश्न. मी त्यांना एकदा पायरेट्सच्या मॅचला घेऊन गेले ती निव्वळ वेळ जावा म्हणून. पहिल्या दोन इनिंग ते गप्प होते. मग आमच्या मागे बसलेल्या एका आजोबांच्या मांडीवरच्या वहीकडे त्यांचं लक्ष गेलं. आजोबा प्रत्येक बॉलनंतर पेन्सिलीने काहीतरी टिपत होते. बाबा मान वळवून वळवून बघायला लागले तेव्हा मीच ओळख करून दिली.

"हे काय लिहितायत विचार त्यांना," बाबा मला म्हणाले. इंग्रजी त्यांना उत्तम येतं, पण अनोळखी माणसाशी बोलायचं झालं की ते मला मध्ये घालतात.

आजोबांनी वही पुढे केली. प्रत्येक खेळाडूला त्याच्या जागेचा आकडा असतो: पिचर (चेंडू टाकणारा) 1, कॅचर 2, पहिला बेस 3, असं करत उजवं मैदान 9. चेंडू शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला, आकडा 6) उचलून दुसऱ्या बेसला दिला आणि तिथून पहिल्याला गेला, दोघे आउट झाले, तर नुसतं 6-4-3 लिहायचं. बॅटरने बॅट फिरवली आणि चेंडू हुकून आउट झाला तर सरळ के. नुसता बघत उभा राहून आउट झाला तर के उलटा.

"म्हणजे न खेळता आउट झाला त्याची नोंद वेगळी?" बाबा एकदम सरसावून बसले. "हे बरोबर आहे. बुडीत कर्ज आणि थकीत कर्ज एका रकान्यात घालून चालत नाही."

पुढच्या इनिंगला मी त्यांना खाली जाऊन स्कोअरकार्ड आणि पेन्सिल आणून दिली. त्यानंतर आमच्यात बोलणं असं झालंच नाही. मी सोबत नेलेल्या पोळीच्या गुंडाळ्या खाल्ल्या (इथे घरचं खाणं आत नेऊ देतात, पिशवी तेवढी पारदर्शक लागते), मुलाने पिरोगीची शर्यत बघितली. पिरोगी म्हणजे उकडलेल्या बटाट्याचं सारण भरलेला पोलिश प्रकार, आणि मॅचच्या मध्ये माणसं त्याचे भलेमोठे पोशाख घालून मैदानाच्या कडेने धावतात. का, ते विचारू नका. स्टीलच्या गिरण्यांत काम करायला पूर्व युरोपातून माणसं आली तेव्हा पिरोगीही आली, एवढं कारण पुरे आहे.

खरी गंमत मॅच संपल्यावर. पायरेट्स हरले होते, लोक उठून चालले होते, आणि मागचे आजोबा बाबांना म्हणाले, आता हिशेब जुळतो का बघा. बॅटिंगला किती जण आले त्यांची बेरीज एकीकडे. दुसरीकडे टीमचे रन, बेसवर अडकून राहिलेले आणि आउट झालेले यांची बेरीज. दोन्ही आकडे सारखे यायलाच हवेत, नाहीतर कुठेतरी नोंद चुकली आहे. बाबांच्या कार्डात सुरुवातीच्या दोन इनिंग कोऱ्या होत्या, त्या आजोबांच्या वहीतून उतरवून घेतल्या. मग बेरीज केली. एकाचा फरक आला. स्टेडियमचा सफाईवाला आमच्या रांगेपर्यंत पोचला तरी हे दोघे सातव्या इनिंगमधला एक वॉक (बॅटरला फुकट मिळालेला पहिला बेस) शोधत होते. तो सापडला, टॅली लागली, दोघांनी हात मिळवले. परतताना पुलावर बाबा म्हणाले, "कोण जिंकलं गं?"

तेव्हापासून बाबांचा मुक्काम पायरेट्सचं वेळापत्रक बघून ठरतो. सासूबाईंना हे अजून माहीत नाही.

आता हरण्याबद्दल. 1993 ते 2012 अशी सलग वीस वर्षं या टीमने जिंकलेल्यापेक्षा हरलेल्या मॅचेस जास्त असा मोसम काढला. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांत हा विक्रम आहे. मग 2013 मध्ये 94 मॅचेस जिंकून ते प्लेऑफला पोचले आणि 1 ऑक्टोबरला सिनसिनाटीविरुद्ध अख्खं स्टेडियम काळे कपडे घालून आलं. सिनसिनाटीचा पिचर जॉनी क्वेटो. लोकांनी त्याच्या नावाचा लांब सुरात गजर सुरू केला, "क्वेऽटो, क्वेऽटो". गजर चालू असताना त्याच्या हातून चेंडू निसटून खाली पडला, आणि पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होम रन मारला, क्रिकेटमधल्या षटकारासारखा. त्या रात्री मी तिथे नव्हते, पण आमच्या ऑफिसातली निम्मी माणसं आपण होतो म्हणून सांगतात. एवढी माणसं तिथे मावली कशी, हा माझा जुना प्रश्न आहे.

2015 नंतर, 2025 च्या मोसमापर्यंत तरी, प्लेऑफचं दर्शन नाही. पण याच टीमकडे पॉल स्कीन्स आहे. 2025 मध्ये त्याने नऊ इनिंगमागे सरासरी दोनसुद्धा रन दिले नाहीत, 1.97, आणि लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमताने घेतला. आणि त्याचा त्या वर्षीचा जय-पराजयाचा हिशेब? 10 विजय, 10 पराभव. कारण बाकीचे रनच काढत नाहीत. तो पिचिंगला असतो त्या दिवशी तिकीट थोडं महाग होतं, तरी जा. बॅटर उलटे के होऊन परत जाताना बघायला मजा येते, आणि आपली टीम त्याला दोन रनही मिळवून देत नाही म्हणून शेजारच्या अनोळखी माणसाबरोबर मालकांच्या नावाने बोटं मोडता येतात. या गावात ओळखी अशा होतात.

स्टीलर्सचं तसं नाही. स्टीलर्स हा इथला धर्म आहे, आणि त्याबद्दल बोलताना लोकांचा आवाज बदलतो. 1933 पासून टीम रूनी घराण्याकडे. 1969 पासून 2025 च्या मोसमापर्यंत मुख्य प्रशिक्षक झाले ते तीन. बाकीच्या टीम्स दर दोन-तीन वर्षांनी माणूस बदलतात. सहा सुपर बोल, म्हणजे लीगची विजेतेपदं, त्यातले चार 1970 च्या दशकातल्या मोसमांचे. नेमक्या त्यानंतर, 80 च्या दशकाच्या सुरुवातीला, स्टीलच्या गिरण्या बंद पडत गेल्या आणि माणसं नोकरीसाठी टेक्सासला, फ्लोरिडाला, कुठे कुठे गेली. जाताना टीम बरोबर घेऊन गेली. म्हणून आजही स्टीलर्स परगावी खेळतात तेव्हा तिथल्या स्टेडियममध्ये पिवळे टॉवेल फिरताना दिसतात.

त्या टॉवेलची गोष्ट मला आवडते. 1975 मध्ये मायरन कोप या रेडिओ समालोचकाने प्लेऑफच्या वेळी लोकांना पिवळे टॉवेल घेऊन यायला सांगितलं. पुढे त्याला टेरिबल टॉवेल असं नाव पडलं, ट्रेडमार्क झाला, आणि 1996 मध्ये कोपने तो हक्क ॲलेगेनी व्हॅली स्कूल या संस्थेला देऊन टाकला. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलामाणसांना सांभाळणारी ही संस्था, कोपचा स्वतःचा मुलगा तिथे राहायचा. तेव्हा टॉवेल घ्यायचा तर अस्सलच घ्या. रस्त्यावरचा नकली पाच डॉलरनी स्वस्त मिळतो, पण ते पैसे त्या संस्थेला जात नाहीत.

पण मॅचला? रीसेलवर शंभर-दीडशे डॉलरच्या खाली चांगलं तिकीट मिळणं कठीण, सीझन तिकिटाच्या प्रतीक्षायादीत लोक वर्षानुवर्षं असतात, आणि आत गेल्यावर टीव्हीच्या जाहिरातींसाठी खेळ इतक्या वेळा थांबतो की थंडीत पाय बधिर होतात. माझं मत विचाराल तर स्टीलर्सची मॅच स्टेडियमच्या बाहेरून बघावी. सकाळी नऊलाच नॉर्थ शोरच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्या उघडून शेगड्या पेटलेल्या असतात. तिथे नुसतं फिरलं तरी कुणीतरी हातात प्लेट देतं. शाकाहारी आहे म्हटलं की क्षणभर शांतता पसरते आणि मग कणीस मिळतं. एक वाजता मॅच सुरू झाली की घरी परतायचं आणि वाटेत किराणा उरकायचा. रविवारी एक ते चार जायंट ईगलमध्ये चिटपाखरू नसतं, रांग नाही, काही नाही. दुकानाच्या स्पीकरवर समालोचन लावलेलं असतं आणि टचडाउन झाला की भाजीच्या विभागातून आरोळी येते. नवऱ्याने तर आमची महिन्याची यादी स्टीलर्सच्या वेळापत्रकाला जोडून टाकली आहे.

त्याच स्टेडियममध्ये शनिवारी पिट खेळतं. कॉलेज फुटबॉल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर विद्यापीठाच्या आवारातलं लाखभर माणसांचं मैदान येतं. पिटचं जुनं स्टेडियम 1999 मध्ये पाडलं, तेव्हापासून त्यांना नदीकाठी यावं लागतं. अडुसष्ट हजारांच्या वर पिवळ्या खुर्च्या, आणि साध्या शनिवारी त्यातल्या बऱ्याच रिकाम्या. त्यावर टीव्हीवाले दरवर्षी टोमणे मारतात. मला त्या रिकाम्या खुर्च्यांचं काही वाटत नाही. पाय पसरून बसता येतं, मुलं दोन रांगा खाली-वर धावतात, विद्यार्थी तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी एक जुनं गाणं कोरसमध्ये गाऊन मध्ये "लेट्स गो पिट" घुसवतात. तिकीटही खिशाला परवडतं.

खुर्च्या भरतात तेव्हा मात्र भरतात. 1 सप्टेंबर 2022, गुरुवारची रात्र, वेस्ट व्हर्जिनिया. हे विद्यापीठ इथून दीड तासाच्या अंतरावर मॉर्गनटाउनला आहे आणि या सामन्याला बॅकयार्ड ब्रॉल म्हणतात, परसातली मारामारी. 2011 नंतर लीग बदलल्या आणि ती बंद पडली होती. अकरा वर्षांनी पुन्हा सुरू झाली तेव्हा 70,622 माणसं आली. आम्ही वरच्या मजल्यावर, पुढे निळे, मागे वेस्ट व्हर्जिनियाचे पिवळे. 31-31 अशी बरोबरी, तीन मिनिटं उरलेली. वेस्ट व्हर्जिनियाच्या खेळाडूच्या हातांना लागून चेंडू वर उडाला, पिटच्या एम. जे. डेव्हनशायरने तो झेलला आणि छप्पन यार्ड धावत सुटला. मागच्या पिवळ्या शर्टातल्या बाई, ज्यांनी दोन तास माझ्या कानाशी घंटा वाजवली होती, त्यांनी ती शांतपणे पर्समध्ये ठेवली. 38-31.

पिट आणि स्टीलर्स यांच्यात नुसती मैदानाची वाटणी नाही, सरावाची इमारतही साउथ साइडला एकच आहे. जेम्स कॉनर पिटचा खेळाडू. 2015 च्या अखेरीस त्याला हॉजकिन लिम्फोमा झाल्याचं निदान झालं. केमोथेरपी चालू असतानाही तो टीमबरोबर सरावाला जात होता. मे 2016 मध्ये बरा झाला, पुन्हा पिटसाठी खेळला, आणि 2017 मध्ये स्टीलर्सने त्याला निवडलं. मी इस्पितळाच्या बिलिंगमध्ये काम करते. केमोच्या फेऱ्यांचे कोड रोज डोळ्यांखालून जातात. त्यामुळे त्या वेळी ऑफिसात हा विषय निघाला की फुटबॉलचा 'फ' न कळणाऱ्या बायकाही थांबून ऐकायच्या. केनी पिकेटचंही तसंच. पिटचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चाली रचणारा खेळाडू), 2021 च्या कॉन्फरन्स फायनलमध्ये धावता धावता खाली बसायचं सोंग केलं, बचावपटू थांबले आणि हा 58 यार्ड पळून टचडाउन करून आला. काही दिवसांतच कॉलेज फुटबॉलमध्ये ते सोंग बेकायदा ठरलं. 2022 मध्ये स्टीलर्सने त्याला नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या फेरीत घेतलं. गावाला वाटलं घरचाच मुलगा, आता दहा वर्षं चिंता नाही. दोन मोसमांनंतर तो फिलाडेल्फियाला गेला. फिलाडेल्फियाला! त्याबद्दल इथे जास्त बोलत नाहीत.

कॉलेजच्या खेळात आता पैसा आला आहे. 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करता येतात, 2025 पासून विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ शकतात, आणि चांगला खेळाडू वर्षभरात दुसऱ्या विद्यापीठात निघून जातो. ऑफिसातले जुने लोक यावर दुपारभर हळहळतात. मला त्या हळहळीत फारसा रस नाही. तीस वर्षं प्रशिक्षक कोट्यवधी कमवत होते तेव्हा कुणाला काही खटकलं नाही.

शिवाय ज्यांना याची इतकी खंत आहे त्यांनी माझ्याबरोबर टेकडी चढून फिट्झगेराल्ड फील्ड हाउसला यावं. चढ असा आहे की विद्यार्थी त्याला कार्डिॲक हिल म्हणतात. वर 1951 साली बांधलेली जुनी इमारत आणि तिथे पिटच्या मुलींचं व्हॉलीबॉल. ही टीम 2021 ते 2025 अशी सलग पाच वर्षं देशातल्या शेवटच्या चारांत पोचली आहे. माझी लेक शाळेत व्हॉलीबॉल खेळते, तिच्यामुळे जायला लागले, आता ती नसली तरी जाते. तिथे कोर्ट इतकं जवळ आहे की लिबेरो (फक्त बचावाची खेळाडू) जमिनीवर झेपावते तेव्हा गुडघ्याच्या पॅडचा घासलेला आवाज ऐकू येतो. ऑलिव्हिया बॅबकॉकने स्मॅश मारला की पहिल्यांदा आलेली माणसं मागे सरकतात, चेंडू आपल्याकडे येतोय असं वाटून. याच हॉलमध्ये 1988 साली जेरोम लेन याने बास्केटबॉल डंक करताना काचेचा बॅकबोर्ड फोडला होता. बास्केटबॉल आता शेजारच्या मोठ्या पीटरसन सेंटरमध्ये गेलं. तिथे विद्यार्थ्यांचा भाग 'ओकलंड झू' (ओकलंड हा पिटच्या आसपासचा शहराचा भाग) म्हणून ओळखला जातो आणि नावाला जागतो.

पेंग्विन्सबद्दल मी थोडक्यातच लिहिते, कारण ती काळी चकती मला अजून दिसत नाही. सगळे ओरडले की गोल झाला असं समजायचं. पण गावात लहान मुलांची जी पिढी वाढली तिच्या दृष्टीने सिडनी क्रॉस्बी 2005 पासून आहे आणि कायमच असणार. आणि टीमचा जुना खेळाडू मारियो लेमिऊ याची हकिकत कुठल्याही कारकुनाला आवडेल अशी: टीम दिवाळखोरीत गेली तेव्हा सर्वात मोठा विनातारण घेणेकरी तोच होता, त्याचं मानधन थकलं होतं, ते भागभांडवलात बदलून 1999 मध्ये तो टीमचा मालक झाला. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा "व्वा" म्हटलं.

सगळ्यात शेवटी ज्याला तिकीटच लागत नाही ते. पायरेट्सचं 1909 ते 1970 पर्यंतचं मैदान, फोर्ब्स फील्ड, ओकलंडमध्ये होतं, आता तिथे पिटच्या इमारती आहेत. होम प्लेट पोसवार हॉलच्या फरशीत काचेखाली आहे. बाहेरची विटांची भिंत आणि झेंड्याचा खांब तसाच ठेवला आहे. दरवर्षी 13 ऑक्टोबरला दुपारी त्या भिंतीपाशी माणसं घडीच्या खुर्च्या घेऊन जमतात आणि 1960 च्या वर्ल्ड सिरीजची, म्हणजे बेसबॉलच्या विजेतेपदाच्या मालिकेची, सातवी मॅच रेडिओवर ऐकतात. संपूर्ण. जुनं ध्वनिमुद्रण, जुन्या जाहिरातींसकट.

त्या मालिकेच्या पहिल्या सहा मॅचेसमध्ये न्यूयॉर्कच्या यांकीजनी एकूण 46 रन काढले आणि पायरेट्सनी 17, तरी मालिकेत बरोबरी. सातव्या मॅचमध्ये आठव्या इनिंगला पायरेट्स 4-7 ने मागे. एक साधा चेंडू खडबडीत जमिनीवरून उसळून यांकीजच्या टोनी क्यूबेकच्या गळ्यावर बसला, दोन आउट व्हायचे ते कुणीच झालं नाही, आणि तिथून पाच रन निघाले. 9-7. यांकीजनी नवव्यात 9-9 केले. मग बिल मॅझेरोस्की. दुसऱ्या बेसवरचा, मुख्यतः फील्डिंगसाठी नावाजलेला. चेंडू डाव्या भिंतीवरून गेला आणि तिथे उभा असलेला योगी बेरा वळून नुसता बघत राहिला.

भिंतीपाशी जमलेल्या प्रत्येकाला हे पाठ आहे. समालोचक त्या क्षणी पिचरचं नाव चुकीचं घेतो, राल्फ टेरीऐवजी आर्ट डिटमार म्हणतो, आणि सगळे एका सुरात "टेरी!" असं ओरडतात. ध्वनिफीत अशा बेताने सुरू करतात की होम रन बरोबर 3 वाजून 36 मिनिटांनी यावा, त्या दिवशी आला होता तेव्हाच. गेल्या खेपेस माझ्या शेजारच्या बाईंनी मला सांगितलं की मॅचचं पूर्ण चित्रीकरण बरीच वर्षं कुणाकडेच नव्हतं. गायक बिंग क्रॉस्बी टीमचा भागीदार होता, धास्तीने मॅच बघवेना म्हणून पॅरिसला निघून गेला, पण जाण्याआधी चित्रीकरणाची सोय करून गेला. त्या रिळा 2009 मध्ये त्याच्या घरच्या वाइनच्या तळघरात सापडल्या. हे सांगताना बाई आठव्या इनिंगची एक जाहिरात चुकवतील म्हणून मध्येच थांबल्या आणि जाहिरात संपल्यावर पुढचं सांगितलं.

येणार असाल तर ओकलंडमध्ये गाडी आणू नका, पार्किंग शोधण्यात दोन इनिंग जातील. डाउनटाउनहून 61 किंवा 71 ची कुठलीही बस चालेल. खुर्ची घरून आणा, ऑक्टोबरात ऊन-पाऊस दोन्ही असतं म्हणून टोपी आणि छत्री दोन्ही घ्या, आणि एकच्या आत पोचा. मी जेवणाच्या सुट्टीत येऊन बसते, मग अर्धा दिवस रजा टाकते. यंदा बाबांचं परतीचं तिकीट 20 ऑक्टोबरचं काढलं आहे, त्यामुळे भिंतीपाशी पेन्सिल घेऊन बसलेले एक गृहस्थ दिसले तर त्यांच्याशी मराठीत बोला. इनिंगच्या मध्ये मात्र बोलू नका.